पेशीच्या मरणावरचा पहारा



ह्या वसंत व्याख्यानमालेत बोलण्यासाठी चालकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा आम्ही 'पेशीचे मरण' असे कळविले. त्यावर चालकांपैकी एक स्नेही हसून म्हणाले, "अहो, झाडांना पालवी फुटण्याच्या दिवसांत तुम्हांला मरणच कसे सुचले?" प्रश्न रास्त होता. परंतु त्याचे उत्तर आम्हांस त्या पालवीतच सापडले. आज जिथे कोवळी पालवी दिसते, तिथे महिन्या-दोन महिन्यांपूर्वी जुनी पाने होती. ती गळली आणि ह्या नव्या पानांना जागा झाली.

पान गळते म्हणजे काय होते, याचा आपण सहसा विचार करीत नाही. पान जीर्ण झाले, वारा आला, पडले, असे आपण धरून चालतो. वस्तुतः तसे नाही. पान गळण्यापूर्वी झाड त्यातील पुष्कळसे पोषक द्रव्य परत ओढून घेते. मग देठाच्या बुडाशी पेशींचा एक खास थर तयार होतो, तो सुटतो आणि पान अलगद खाली येते. जखम राहत नाही, रस गळत नाही. याच्या उलट, वादळाने मोडून लोंबत राहिलेली एखादी फांदी आठवून पाहा. तिची पाने वाळतात, तपकिरी होतात, पण पुष्कळदा गळत मात्र नाहीत; कितीतरी दिवस तशीच चिकटून राहतात. कारण पान गळविण्याचे काम करायला फांदी जिवंत असावी लागते. वाळणे हे नुसते मरण आहे. गळणे हे जिवंत झाडाने केलेले कार्य आहे. हा भेद आपण लक्षात ठेवला, म्हणजे आजचा निम्मा विषय झाला असे समजावे.

आपल्या शरीरातील पेशींनाही अशी दोन प्रकारची मरणे येतात. हात भाजला, बोट चेंगरले, एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटला, म्हणजे तेथील पेशी फुगतात, फुटतात, आतील द्रव्ये बाहेर सांडतात; मग सूज येते, आग होते, ठणका लागतो. हे अपघाती मरण. दुसऱ्या प्रकारात पेशी फुगत नाही, उलट आक्रसते. ती आपले केंद्रक आवरते, आतील गुणसूत्रांचे तुकडे करते, स्वतःची लहान लहान बंद गाठोडी बांधते, आणि आपल्या वेष्टनाच्या बाहेरच्या अंगावर अशी एक खूण उमटविते की शेजारच्या पेशींनी ती गाठोडी गिळून टाकावीत. सूज नाही, वेदना नाही, मागे कसलाही मागमूस नाही. पावसाळ्यात जुना वाडा कोसळणे आणि कारागीर लावून तो रीतसर उतरविणे, यांत जो फरक आहे तोच येथे आहे. कोसळलेला वाडा शेजाऱ्याचीही भिंत पाडतो. उतरविलेल्या वाड्याची कौले, तुळया, खांब आणि चिरे पुन्हा कामी येतात.

ह्या दुसऱ्या प्रकारचे मरण एकोणिसाव्या शतकातच अभ्यासकांच्या नजरेस आले होते. कार्ल फोग्ट याने १८४२ मध्ये बेडकाच्या जातीच्या एका प्राण्याची वाढ तपासताना ते टिपले होते. पण त्याचे महत्त्व कोणाच्या फारसे ध्यानी आले नाही. पुढे १९७२ साली जॉन केर, अँड्र्यू वायली आणि ॲलस्टर करी ह्या तिघांनी एक निबंध प्रसिद्ध केला आणि हे मरण शरीराच्या नित्य व्यवहाराचा भाग आहे, असे ठामपणे मांडले. त्याला नाव हवे होते. स्कॉटलंडमधील ॲबरडीन विद्यापीठातील ग्रीक भाषेचे प्राध्यापक जेम्स कॉर्मॅक यांनी त्यांना एक जुना शब्द सुचविला : 'अपोप्टोसिस'. त्याचा अर्थ, झाडाची पाने किंवा फुलांच्या पाकळ्या गळून पडणे. तेव्हा आमच्या स्नेह्यांच्या प्रश्नाला आम्ही वसंत आणि पानगळ पुढे केली, त्यात आमचे कल्पनाचातुर्य काही नाही. ते शास्त्रज्ञांनी आधीच केलेले आहे.

आता हे मरण आपल्या किती जवळचे आहे ते पाहू. कृपा करून प्रत्येकाने आपला हात समोर धरावा. ही पाच बोटे सुटी कशी झाली? गर्भात हात प्रथम वल्ह्याच्या पात्यासारखा सलग असतो. गर्भ दीड-दोन महिन्यांचा होण्याच्या सुमारास बोटांच्या मधल्या पेशी ठरल्याप्रमाणे मरतात आणि बोटे मोकळी होतात. बदकाच्या पायात त्या मरत नाहीत, म्हणून त्याच्या बोटांमध्ये पडदा राहतो. म्हणजे लेखणी धरणारा, लाटणे फिरविणारा, तबल्यावर पडणारा हा हात घडविण्यात जितका वाटा वाढणाऱ्या पेशींचा, तितकाच वेळेवर निघून गेलेल्या पेशींचा आहे. बेडकाच्या पिल्लाचे शेपूट नाहीसे होते तेही ह्याच मार्गाने. आपल्या मेंदूची आणि मज्जातंतूंची घडण होताना अनेक भागांत आवश्यकतेपेक्षा पुष्कळ जास्त पेशी जन्मतात. ज्यांचा योग्य जागी संबंध जुळत नाही त्या गळतात. छातीच्या हाडामागे असलेल्या थायमस ग्रंथीत रोगप्रतिकार करणाऱ्या पेशींचे शिक्षण चालते. तेथे बहुसंख्य उमेदवार नापास होतात आणि नापास होणे म्हणजे मरणे. काहींना काहीच ओळखता येत नाही म्हणून, आणि काही आपल्याच शरीरावर उलटतील म्हणून.

आणि हे केवळ गर्भात किंवा बालपणी नव्हे. प्रौढ माणसाच्या शरीरात दररोज सुमारे ३३ हजार कोटी पेशी जुन्या जाऊन नव्या येतात, असा अलीकडचा अंदाज आहे; त्यांत रक्तातल्या आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशी सर्वांत जास्त. आपण ह्या मांडवात बसलो आहोत तेवढ्या वेळातच प्रत्येकाच्या शरीरातून कोट्यवधी पेशी निघून गेल्या. कोणाला काही कळले का? कळले नाही, हाच त्या व्यवस्थेच्या उत्तमपणाचा पुरावा.

येथे सहज प्रश्न येतो की हा निर्णय करतो कोण? अमुक पेशीने मरावे आणि तमुक पेशीने राहावे, हे कोठे लिहिलेले असते?

ह्या प्रश्नाचा पहिला स्पष्ट धागा एका क्षुद्र किड्याने दिला. मातीत राहणारा, जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा, काचेसारखा पारदर्शक असा हा गोलकृमी आहे. केंब्रिजला सिडनी ब्रेनर यांनी त्याचा अभ्यास आरंभिला. जॉन सल्स्टन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली डोळे लावून त्याच्या एकेका पेशीची वंशावळ लिहून काढली. आपल्याकडे क्षेत्रोपाध्ये कुळांच्या वह्या ठेवतात ना, तशीच ही वही म्हणावी. त्या वहीत असे आढळले की ह्या किड्याच्या शरीराच्या एकंदर १०९० पेशी निर्माण होतात, त्यांपैकी १३१ मरतात आणि ९५९ उरतात. दर किड्यात त्याच १३१, त्याच जागी, त्याच वेळी! मग रॉबर्ट हॉर्विट्झ आणि त्यांचे सहकारी यांनी ह्या मरणाला कारण होणारी जनुके शोधली. काही जनुके बिघडली तर त्या १३१ पेशी मरतच नाहीत. म्हणजे ती जनुके मरण घडविणारी. परंतु एक जनुक असे निघाले की ते बिघडले तर ज्या पेशींनी जगायचे त्याही मरू लागतात. म्हणजे ते मरण आवरून धरणारे. ब्रेनर, सल्स्टन आणि हॉर्विट्झ यांना २००२ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते ह्या कामासाठी.

ही झाली किड्याची हकीकत. आता रुग्णालयाकडे वळू, कारण मरण आवरून धरणारे माणसाचे प्रथिन सापडले ते रोगाच्या शोधात. लसीका ग्रंथींचा एक कर्करोग असा आहे की तो हळूहळू, वर्षानुवर्षे वाढतो. मानेत, काखेत, जांघेत गाठी येतात, दुखत नाहीत, कमीजास्तही होतात. ह्या रोगाच्या बहुसंख्य रुग्णांत एक ठरावीक दोष दिसे : अठराव्या गुणसूत्राचा एक तुकडा तुटून चौदाव्यावर जाऊन बसलेला असे. फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत योशिहिदे त्सुजिमोतो, कार्लो क्रोचे आणि त्यांचे सहकारी यांनी १९८४ साली त्या तुटलेल्या जागीच एक जनुक शोधून काढले. रोग ज्या पेशींचा त्यांना बी-पेशी म्हणतात. त्या रोगाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे घेऊन आणि अशा शोधांतील हे दुसरे म्हणून त्याचे नाव पडले 'बीसीएल-२'. नाव रुक्ष आहे. पण आजच्या कथेचे नायकपद त्याच्याकडेच आहे.

हे जनुक चौदाव्या गुणसूत्रावर जाऊन करते काय? त्या जागेच्या शेजारी रोगप्रतिकारक प्रतिपिंड तयार करण्याचे जनुक असते आणि बी-पेशीत ते अहोरात्र चालू असते. त्याच्या शेजारी बीसीएल-२ जाऊन बसले, की त्यालाही थांबा म्हणणारा कोणी उरत नाही. ज्या पेशीत त्याचे प्रथिन बेताने व्हावयाचे, तेथे ते भरमसाट होते.

त्या काळी कर्करोगाची जी जनुके ठाऊक झाली होती, ती पेशींना वाढायला लावणारी होती. कर्करोग म्हणजे पेशींची बेसुमार वाढ, ही समजूत इतकी पक्की होती की बीसीएल-२ सुद्धा पेशींना विभागायलाच लावीत असणार, असे सर्वांनी गृहीत धरले. ते चूक आहे हे १९८८ साली मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलायझा हॉल संस्थेत दिसून आले. डेव्हिड व्हॉ हा तेव्हा पीएच्.डी.चा विद्यार्थी होता. सुझॅन कोरी आणि जेरी ॲडम्स हे त्याचे मार्गदर्शक. उंदराच्या रक्तनिर्मितीतील काही पेशी त्यांनी घेतल्या. ह्या पेशींना एक विशिष्ट पोषक द्रव्य सतत लागते. ते काढून घेतले की त्या लवकरच मरतात. त्यांत बीसीएल-२ घालून मग ते द्रव्य काढून घेतले. पेशी वाढल्या नाहीत, विभागल्या नाहीत. पण मेल्याही नाहीत. नुसत्या राहिल्या. द्रव्य परत दिले तेव्हा पुन्हा कामाला लागल्या.

श्रोतेहो, ह्या साध्या प्रयोगाने एक जुनी समजूत मोडली. गावाची लोकसंख्या दोन कारणांनी वाढते : जन्म वाढले म्हणून, किंवा मरणे थांबली म्हणून. कर्करोगात वैद्यकशास्त्र जन्माच्याच वहीकडे पाहत होते. मरणाची वहीही पाहिली पाहिजे, हे तेव्हापासून उमगले.

येथे आम्ही एक खाजगी आठवण सांगतो. आमच्या परिचयाचे एक वृद्ध शिक्षक, आयुष्यभर गणित शिकविलेले, यांना उतारवयात रक्ताचा एक संथ कर्करोग झाला. पांढऱ्या पेशी वर्षानुवर्षे साठत जाणारा. आम्ही त्यांना भेटायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "अहो, मी डॉक्टरांना विचारले, ह्या पेशी वाढतात तरी किती वेगाने? तर ते म्हणाले, मास्तर, वाढण्याचा वेग फार नाही हो, त्या वेळेवर मरत नाहीत हा मुख्य घोटाळा आहे." असे म्हणून मास्तर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे जमेत चूक नाही, वजाबाकी राहिली." ह्या रोगाचे इतके नेमके वर्णन आम्ही कोणत्याही ग्रंथात वाचलेले नाही. ह्या मास्तरांकडे आपण शेवटी पुन्हा येऊ.

आता किडा आणि माणूस यांची गाठ कशी पडली ते पाहा. १९९२ साली व्हॉ आणि त्यांचे सहकारी यांनी माणसाचे बीसीएल-२ जनुक त्या गोलकृमीत घातले. तर मरावयाच्या पेशींपैकी काही वाचल्या! किडा आणि माणूस यांचे पूर्वज वेगळे होऊन कोट्यवधी वर्षे लोटली. तरी माणसाचे प्रथिन किड्याच्या पेशीत जाऊन आपले काम ओळखते. दोनच वर्षांनी, १९९४ मध्ये, किड्यातील ते मरण आवरणारे जनुक हे बीसीएल-२ चेच नातलग आहे हे हॉर्विट्झ यांच्या प्रयोगशाळेत सिद्ध झाले. दोन ठिकाणी चाललेली खोदाई एकाच विहिरीला जाऊन मिळाली.

हे प्रथिन काम करते कसे? ते मोठे नाही. २३९ अमिनो आम्लांची एक साखळी. पेशीत तंतुकणिका नावाच्या लहान कोठड्या असतात. आपण घेतलेल्या प्राणवायूच्या साह्याने तेथे पेशीला लागणारी ऊर्जा तयार होते. त्यांना पेशीची चूल म्हणता येईल. ह्या कोठडीच्या बाहेरच्या भिंतीवर बीसीएल-२ बसलेले असते. त्याच्याच कुळातील, पण उलट वृत्तीचे भाऊबंद आहेत. त्यांतील बॅक्स नावाचा भाऊ १९९३ मध्ये स्टॅन्ली कोर्समायर यांच्या प्रयोगशाळेत ओळखला गेला. बॅक्स आणि त्याचे साथीदार मोकळे झाले की एकत्र येऊन त्या भिंतीला भोके पाडतात. बीसीएल-२ त्यांचा हात धरून ठेवते. त्याच्या अंगावर एक लांबट खाच आहे. त्या खाचेत विरुद्ध पक्षाच्या प्रथिनांचा एक भाग अडकून बसतो, आणि अडकून बसला तोवर अनर्थ टळतो.

पेशीला जबर इजा झाली, तिची जनुके दुरुस्तीपलीकडे बिघडली, शेजाऱ्यांकडून येणारे जगण्याचे संदेश थांबले, म्हणजे पेशीत आणखी काही लहान प्रथिने निर्माण होतात किंवा जागी होतात. ती बीसीएल-२ च्या खाचेत शिरून ती भरून टाकतात. आता बॅक्सचा हात धरायला कोणी नाही. भिंतीला भोके पडतात आणि कोठडीतील 'सायटोक्रोम सी' नावाचे द्रव्य बाहेर येते. हे द्रव्य आत असताना श्वसनाच्या कामात मदत करते, म्हणजे जीवनाचे साधन असते. बाहेर पडताच ते मरणाचा हुकूम ठरते. हा शोध १९९६ मध्ये शियाओडाँग वांग यांनी लावला. त्या हुकमानिशी सात आऱ्यांच्या चाकासारखा एक प्रथिनसमूह उभा राहतो आणि कॅस्पेज नावाच्या कात्र्या उघडतात. मग वाडा उतरविण्याचे काम सुरू. आपण लक्षात घ्यावे की ह्या कात्र्या बाहेरून आणल्या जात नाहीत. बहुतेक प्रत्येक पेशी त्या जन्मतः बाळगून असते. पेशी जगते ती मरणाची सगळी सामग्री घरात ठेवून आणि दाराशी पहारा बसवून.

पहारा उठला तर काय होते, हेही पाहण्यात आले आहे. कोर्समायर यांच्याच प्रयोगशाळेत १९९३ साली बीसीएल-२ मुळीच नसलेले उंदीर तयार केले. ते जन्मले, काही काळ वाढले. पण पुढे त्यांच्या रोगप्रतिकारक पेशींचा फडशा पडला, मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी झाल्या, आणि केसांची दुसरी खेप उगवली ती पांढरी! केसांना रंग देणाऱ्या पेशी गळून गेल्या होत्या. तेव्हा हे प्रथिन खलनायक नव्हे. ते मुळीच नसले तर अकाली मरणे, ते बेसुमार झाले तर मरणाचा विसर, दोन्हींकडून नाश. म्हणून त्याचे प्रमाण राखणे हेच शरीराचे कौशल्य आहे.

त्याचे बेसुमार होणे हेही एकटे पुरेसे नसते. अठराव्या आणि चौदाव्या गुणसूत्रांची ती अदलाबदल कित्येक निरोगी प्रौढांच्या रक्तातही थोड्या पेशींत सापडते, आणि त्यांतील बहुतेकांना तो रोग कधीच होत नाही. जी पेशी मरावयाची थांबली, तिच्यात पुढे आणखी दोष साठतात, तेव्हा रोग उभा राहतो. इतर पेशी दोष साठण्यापूर्वीच निघून जातात. हिला मात्र सवड मिळते. संकट आहे ते ह्या सवडीत.

आता उपचाराचे पाहू. कर्करोगावरील जुनी औषधे आणि किरणोपचार पुष्कळ अंशी पेशीला इजा करतात, आणि इजा झालेली पेशी स्वतःच मरणाचा निर्णय घेईल अशी अपेक्षा ठेवतात. पण जिच्या दाराशी बीसीएल-२ चा दुप्पट पहारा आहे, किंवा जिच्यात इजेची वर्दी देणारे प्रथिनच नष्ट झाले आहे, ती इजा सोसून बसून राहते. मग असा विचार निघाला की बीसीएल-२ ची ती खाचच एखाद्या औषधाने भरून टाकली तर? बोलायला सोपे, करायला अतिशय कठीण. अमेरिकेतील ॲबट कंपनीत स्टीफन फेसिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ह्या कुळातील एका प्रथिनाचा आकार उलगडला. त्या खाचेत बसेल असे द्रव्य घडविले जात होते ते पुढे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतरचे, पोटात घेता येणारे औषध रोग्यांना देऊन पाहिले तेव्हा रक्तातील प्लेटलेट घटू लागल्या. कारण ते औषध बीसीएल-२ बरोबर त्याच्या एका चुलत भावालाही अडवीत होते, आणि प्लेटलेट त्या चुलत भावाच्या आधारावर जगतात. मग नेमके बीसीएल-२ लाच धरील आणि चुलत भावाला सोडील असे औषध घडविण्यात आले. त्याचे नाव 'व्हेनेटोक्लॅक्स'. २०१३ मध्ये ते जगापुढे आले आणि एप्रिल २०१६ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, ती मास्तरांना झाला होता त्याच रोगाच्या, पण जुन्या औषधांना दाद न देणाऱ्या प्रकारासाठी. जनुक सापडल्यापासून औषध हाती येईपर्यंत ३२ वर्षे लागली. शास्त्राची फळे तातडीने हवीत असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानात ठेवावा.

ह्या औषधाचा पहिला धोका काय असावा? ते फार चांगले लागू पडते हा! रोगट पेशी इतक्या झपाट्याने मरतात की त्यांच्यातील क्षार आणि आम्ले रक्तात लोटतात, मूत्रपिंडाला ती आवरत नाहीत, हृदय थांबण्याची भीती असते. सुरुवातीच्या चाचण्यांत ह्यामुळे रुग्ण दगावल्याचीही नोंद आहे. म्हणून पुढे ह्या रोगात रोज २० मिलिग्रॅमपासून आरंभ करून, दर आठवड्याला ५०, १००, २०० अशी पायरी चढत, पाचव्या आठवड्यात ४०० वर नेण्याची रीत पडली. मरणालाही गती बेताची लागते.

आणि हा अंतिम विजय आहे असेही नाही. ज्या ग्रंथींच्या कर्करोगात हे जनुक सापडले, त्यात हे औषध एकटे दिले तर गुण तुलनेने कमी येतो. कित्येक रुग्णांत काही वर्षांनी रोग उलटतो. २०१९ मध्ये असे आढळले की काही रुग्णांच्या रोगट पेशींत बीसीएल-२ च्या १०१ व्या जागेवरचे एकच अमिनो आम्ल बदललेले होते. तेवढ्याने खाचेचा आकार किंचित पालटतो आणि औषध नीट बसत नाही. २३९ मण्यांतला एक मणी! रोगही आपल्या परीने शिकत असतो.

आता समारोपाकडे येतो. हा विषय आम्ही का निवडला, ते सांगणे अगत्याचे आहे. आजकाल 'तुमच्या पेशी चिरतरुण ठेवू', 'पेशींचा नाश थांबवू' अशा जाहिराती आपण वाचतो. त्या वाचताना आपण एवढेच विचारावे, कोणत्या पेशींचा? हृदयाचा रक्तपुरवठा तुटून मरणाऱ्या पेशी वाचविणे हे पुण्यकर्म आहे आणि त्यासाठी शास्त्र झटतच आहे. पण शरीरातील सगळ्याच पेशी मरावयाच्या थांबल्या, तर ते अमरत्व नव्हे, तो रोग आहे. ज्या पेशीला आपले मरण टाळता आले, तिने बाकीच्यांचे मरण ओढवून आणले, असे वैद्यकशास्त्र सांगते.

परंतु दुसऱ्या टोकालाही जाऊ नये. पेशीने वेळेवर मरावे, म्हणून माणसानेही मुकाट्याने मरावे, असे तत्त्वज्ञान यातून काढणारे आम्हांस भेटले आहेत. "म्हातारपणी आता कशाला औषध? पिकले पान गळायचेच," असे ते म्हणतात. आमच्या मास्तरांनाही घरचेच कोणी असे म्हणाले होते. मास्तरांनी त्यांना उत्तर दिले, "पान मी नव्हे. पान ती पेशी. मी झाड आहे." हे उत्तर आम्ही कधी विसरणार नाही. पेशी मरते ती माणूस जगावा म्हणून. तिच्या मरणाचा दाखला देऊन माणसाला उपचार नाकारणे, ही तर्काची चूक आहे आणि मनाचा कोतेपणाही आहे. मास्तरांनी उपचार घेतले. मधल्या काळात नातीला बीजगणित शिकविले, आणि ती पहिल्या परीक्षेत उत्तीर्ण झाल्याचे पाहूनच ते गेले. रोगाने त्यांना अखेर नेले, हे आम्ही लपवीत नाही; पण मधली ती वर्षे त्यांची होती.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट सांगून रजा घेतो. मानेत, काखेत किंवा जांघेत गाठ आली आणि ती काही आठवडे राहिली, तर ती दुखत नाही म्हणून स्वस्थ बसू नका. दुखणारी अवधाणे बहुधा साध्या कारणांनी येतात आणि जातात. न दुखणारी, न जाणारी गाठ डॉक्टरांना दाखविलीच पाहिजे. बहुतेक वेळा भीतीचे कारण निघत नाही. ज्यांच्या बाबतीत निघते, त्यांच्यासाठी आज आपल्या हाती १९८४ पूर्वी नव्हती अशी साधने आहेत, आणि ती वेळेवर गेलेल्या माणसाला अधिक उपयोगी पडतात.